नव्या घरात जुने भांडार



गेल्या काही वर्षांत आपल्या गावांचे रूप पालटले आहे. कुणाचा मुलगा आखातात राबतो, कुणाचा बोटीवर असतो, कुणी शहरात नोकरी करून पै पै साठवितो. आणि त्या कष्टांच्या कमाईतून मातीच्या भिंतींच्या जागी सिमेंटच्या भिंती व कौलांच्या जागी स्लॅब उभा राहतो. पावसाळ्यात ठिबकणाऱ्या छपराखाली ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना कोरड्या खोलीत निजण्याचे सुख काय असते हे सांगावे लागत नाही. नव्या घराचा आनंद हा निर्मळ आनंद आहे. त्यात कुणी खोट काढू नये.

परंतु घर नवे होते त्या आठवड्यात मागील अंगणात काय चालते, हेही पाहण्यासारखे असते. तेथे जुन्या वस्तूंचा व्यापारी टेंपो घेऊन आलेला असतो. शिसवी पलंग, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या, पितळी दिवे, नक्षीच्या चौकटी, पणजीच्या लग्नातला पेटारा असे सारे अर्ध्या दिवसात टेंपोत चढते आणि घरधन्याच्या हाती थोड्या नोटा पडतात. गंमत अशी, की ज्या वस्तू आपल्या मागील दाराने बाहेर पडतात, त्याच पुढे शहरातील धनिकांच्या पुढील दाराने आत शिरतात. जुन्या वळणाची एखादी तरी वस्तू दिवाणखान्यात असावी, अशी आज शहरात मोठी हौस आहे. मागणी इतकी, की नव्या लाकडाला मुद्दाम चरे पाडून व रंग खरवडून ते जुने भासविण्याचाही धंदा चालतो. ज्यांच्याजवळ जुने नाही ते पैसे मोजून जुने बनवून घेतात, आणि ज्यांच्याजवळ ते वाडवडिलांपासून आहे ते अडगळ म्हणून काढून टाकतात!

कुणी म्हणतो, नवे ते सोने. कुणी म्हणतो, जुने ते सोने. आपल्या प्रभूने या वादात फार शहाणपणाचा मार्ग दाखविला आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, दाखल्यांच्या अखेरीस, एक घरधनी येतो. तो आपल्या भांडारातून नव्या वस्तूही काढतो आणि जुन्याही. त्याचे घर म्हणजे संग्रहालय नव्हे आणि दुकानही नव्हे. काय केव्हा बाहेर काढावे हे त्याला कळते, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. नवे घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या घरधन्याला आपला मिस्त्री नेमावा, असे मला वाटते.

प्रथम आपल्या भांडारात काय आहे ते ओळखू या. डोक्यावरची मंगळुरी कौले घ्या. बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकण माती यंत्रात दाबून, एकात एक अडकणारी सपाट कौले तेथे तयार होऊ लागली. पूर्वीच्या नळीच्या कौलांपेक्षा ती घट्ट बसत. म्हणून कोकण, गोवा, कारवार व बेळगावकडच्या पावसाने त्यांना आपलेसे केले. पायाखालच्या रंगीत नक्षीदार सिमेंटच्या लाद्या घ्या. अशा लाद्या पूर्वी परदेशांतून येत. मुंबईत १९२२ साली भारत फ्लोरिंग्ज या संस्थेची स्थापना झाली आणि त्या आपल्याकडेच होऊ लागल्या. त्यांचा रंग वरून लावलेला नसतो; तो सिमेंटच्या जाड थरातच मिसळलेला असतो. म्हणूनच तीन पिढ्यांच्या पावलांखाली झिजूनही नक्षी पुसत नाही.

गोव्याच्या जुन्या घरांतील शिंपल्यांच्या खिडक्या तर आपणांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. काच दुर्मीळ व महाग होती त्या काळी खाडीतील चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवीत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. उन्हाची तिरीप डोळ्यांत जात नाही आणि बाहेरच्याला आतले दिसतही नाही. हा शिंपला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहे. तेव्हा जुन्या घराची अशी एक खिडकी मोडली, तर तिच्यासारखी दुसरी सहज करवून घेता येणार नाही.

आणि बाल्कांव! दारापुढील तो छोटा चौथरा, दोन्ही बाजूंना सिमेंटची किंवा चिऱ्याची समोरासमोर बैठक. सायंकाळी आजोबा तेथे बसत, रस्त्याने जाणारा थांबे, पावसाची, पिकाची, आजाऱ्याची विचारपूस होई. पुष्कळ भांडणे न्यायालयात जाण्यापूर्वी तेथेच मिटत. नव्या घरांना उंच फाटक असते, बैठक नसते. ज्यांना नव्या घरात जुन्याचा एखादाच स्पर्श हवा असेल, त्यांनी दुकानातून काही आणण्यापूर्वी दारापाशी दोन बैठका बांधाव्यात. थोडा चिरा, थोडे सिमेंट आणि गवंड्याचे एक-दोन दिवस एवढ्यात काम होते. आणि शेजारी पुन्हा शेजारी होतो.

आता सर्वांत मोलाच्या वस्तूकडे येतो. आपल्या जुन्या घरांत ‘ओरातोर’ असे: लाकडी, दारे असलेला छोटा आल्तार, मध्ये क्रूस, बाजूंना पवित्र मारिया व संतांच्या मूर्ती, पुढे दिवा. ज्यांना तेवढी ऐपत नव्हती त्यांच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे लाल दिवा. पवित्र हृदयाची घरोघर स्थापना करण्याची चळवळ फादर मातेओ क्रॉली-बोव्ही यांनी १९०७ साली सुरू केली. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांतील धुराने काळवंडलेल्या पुष्कळ तसबिरी याच भक्तीच्या आहेत. गोव्याकडील जुन्या मूर्तींविषयी आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत, अशी बंदी सोळाव्या शतकात घालण्यात आली होती. तरी त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणून कित्येक जुन्या मूर्तींत मारियेच्या चेहऱ्याची ठेवण, वस्त्रांच्या चुण्या, पायाखालचे कमळ हे सारे आपल्याच मातीतले दिसते. हा वारसा पाहावयाचा असेल त्यांनी जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जावे. तेथील ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ पासून या मठात आहे.

शहराच्या हौसेला आज अशाच वस्तूंची विशेष ओढ आहे. जुन्या आल्ताराचे कपाट करून त्यात मद्याच्या बाटल्या मांडलेल्या, प्रार्थनेच्या बाकावर चपला काढून ठेवलेल्या, देवदूताची मूर्ती स्नानगृहाच्या दाराशी शोभेला ठेवलेली अशी दृश्ये चित्रांत पाहावयास मिळतात. विकत घेणाऱ्याला कदाचित त्याचा अर्थ ठाऊक नसेल. विकणाऱ्याला तर ठाऊक असतो ना? १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७१ वा नियम या बाबतीत स्पष्ट आहे: उपासनेसाठी आशीर्वादित झालेल्या पवित्र वस्तू आदराने वागवाव्यात, त्यांचा ऐहिक वा अनुचित उपयोग करू नये, मग त्या खाजगी मालकीच्या का असेनात. संतांचे अवशेष विकण्यास तर ११९० व्या नियमाने पूर्ण मनाई आहे. एखाद्या जुन्या क्रूसात किंवा पदकात असा अवशेष बसविलेला असल्यास तो घेऊन प्रथम आपल्या धर्मगुरूंकडे या. व्यापाऱ्याकडे मुळीच जाऊ नका.

देशाचा कायदाही येथे लागू होतो. १९७२ सालचा पुरातन वस्तूंचा कायदा १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरातन ठरते. शिल्पे, चित्रे अशा काही वर्गांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते, परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. हस्तिदंताची खरेदी-विक्री तर बेकायदाच आहे. मग तो हस्तिदंत पणजोबांच्या काळचा बाळ येशू का असेना. अशी मूर्ती वारशाने घरी असेल तर वनखात्याच्या कार्यालयात रीतसर विचारणा करावी. गुपचूप विकणारा आपल्या पूर्वजांची श्रद्धाही विकतो आणि स्वतःला अडचणीतही घालतो.

मूर्ती भंगली असेल तर काय करावे, असे पुष्कळ जण विचारतात. ती कचऱ्यात टाकू नये किंवा गावच्या क्रूसाखाली रात्री ठेवून येऊ नये. दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्त करावी. नसेल तर लाकूड, कागद आदराने जाळावे, माती किंवा चुन्याची मूर्ती स्वच्छ जागी पुरावी. ही आपल्या चर्चची जुनी रीत आहे.

आता जे घरात ठेवावयाचे ते कसे ठेवावे, याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गावच्या सुतारांकडून व वृद्ध गृहिणींकडून मी त्या ऐकल्या आहेत, आणि घरांच्या भेटींत पडताळूनही पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट लाकडाची. जुने सामान नव्या घरात आणण्यापूर्वी उलटे करून पाहावे. बारीक गोल भोके असून त्यांखाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर भुंगेरा जिवंत आहे. त्याचा बंदोबस्त केल्यावाचून ते आत आणू नये, नाहीतर तो नव्या चौकटीही खाईल. शिसव किंवा सागवान यांवर चकचकीत ऑइलपेंट फासणे हा लाकडावर अन्यायच होय. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याच्या पातळ पातळ पुटांनी लाकडाची रेषा उजळते. मात्र पूर्वीचा जुना रंग कोरडा घासून काढू नये. जुन्या रंगांत शिसे असते आणि त्याची धूळ लहान मुलांना विषासमान असते. ते काम ओल्या हाताने, उघड्यावर, मुलांना दूर ठेवून जाणत्याकडूनच करवावे.

दुसरी गोष्ट वेताच्या खुर्चीची. बैठक केवळ सैल झाली असेल तर खुर्ची उलटी करून वेत खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवावा व सावलीत वाळू द्यावा. सुकताना तो ताणला जातो. तुटला असेल तर नव्याने विणून घ्यावा. विणणारे हात आता थोडे उरले आहेत. त्यांना वर्षातून चार खुर्च्यांचे काम मिळाले, तर त्यांचा मुलगा ती कला शिकेल. नाहीतर तीही त्यांच्याबरोबरच थडग्यात जाईल.

तिसरी गोष्ट तांब्या-पितळेची. चिंच व मीठ यांनी ती उजळतात हे गृहिणींना मी काय सांगावे! परंतु वरून मुलामा दिलेल्या वस्तूंना चिंच लावू नये, मुलामा निघून जातो. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू अगर ठेवू नये. घागर स्वयंपाकाची राहिली नसेल तर दाराशी छत्र्यांसाठी ठेवावी. आपल्या पावसात ती चार महिने रिकामी राहणार नाही. टांगता तेलाचा दिवा विजेचा करावयाचा असल्यास जाणत्या वीजकाम्याकडूनच तारा बसवून घ्याव्यात. धातूच्या दिव्यात तार उघडी पडली तर धक्का बसतो.

चौथी गोष्ट छायाचित्रांची. लग्नाची, बाप्तिस्म्याची जुनी चित्रे थेट उन्हात लावू नयेत, ती विटतात. काच चित्राला चिकटू देऊ नये, मध्ये कागदाची चौकट ठेवावी. आणि मागील बाजूस साध्या पेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे व वर्ष लिहावे. नावे सांगणारी आजी आज आहे. उद्या चित्र उरेल आणि माणसे अनोळखी होतील. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो; त्यांची नावे पुसू न देणे हेही त्याच प्रेमाचे काम आहे.

आणि एक सर्वसाधारण नियम: एका खोलीत एक जुनी वस्तू पुरे. तिच्यामागे मोकळी भिंत असावी, तिच्यावर उजेड पडावा आणि ती वापरात असावी. पेटाऱ्यात गोधड्या असाव्यात, खुर्चीवर कुणीतरी बसावे, दिवा लावला जावा. दहा वस्तू दाटीवाटीने मांडल्या की घर दुकानासारखे दिसते आणि झाडलोट करणाऱ्या सुनेच्या जिवाला घोर लागतो.

सीमाभागातील एका गावी नव्या घराच्या आशीर्वादाला मी गेलो होतो. शहरातून आलेल्या सजावटकाराने दिवाणखाना देखणा केला होता. भिंतीला भिंत जुळलेली, दूरदर्शनच्या पडद्यासाठी मोठी जागा. आशीर्वादाचे पाणी शिंपडीत आम्ही मागील खोलीत गेलो, तेव्हा घरातील वृद्ध विधवा माता ट्रंकेपाशी बसलेली दिसली. तिने ट्रंक उघडली, लुगड्याच्या घडीतून काळ्या लाकडाचा क्रूस बाहेर काढला आणि म्हणाली, “फादर, यालाही थोडे पाणी शिंपडा. याला या घरात जागा नाही मिळाली.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच तो मुलाच्या मनाला अधिक लागला असावा. तो दारात उभा होता. याच क्रूसापुढे वडिलांच्या शेवटच्या रात्री सर्वांनी तेर्स म्हटला होता, हे त्याने मला मागून सांगितले.

त्याने घर पाडले नाही की सजावटकाराशी भांडणही केले नाही. पडद्याच्या समोरच्या भिंतीवर एक साधी सागवानी फळी बसविली, तिच्यावर क्रूस ठेवला आणि मोडीत निघालेल्या जुन्या दाराच्या नक्षीची पट्टी खाली जोडली. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या घरी गेलो, तेव्हा म्हातारीची खुर्चीही मागील खोलीतून त्या फळीजवळ आली होती. वस्तूला जागा मिळाली की माणसालाही मिळते. वाडवडिलांच्या वस्तूंना अडगळ म्हणण्याची सवय लागली, की वडिलांनाही तसे म्हणण्यास फार दिवस लागत नाहीत. या साऱ्या विषयातील खरे गांभीर्य मला येथेच दिसते.

याची दुसरी बाजूही आहे. वाटणीच्या वेळी ज्या ओरातोरापुढे आईबापांनी मुलांना एकत्र गुडघे टेकावयास शिकविले, त्याच्याचसाठी भाऊ भाऊ बोलेनासे होतात. पृथ्वीवरील धनाला कसर व जंग लागते, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात बजावले आहे. शिसवी लाकडाला त्यातून सूट नाही. एका वस्तूपायी भाऊ गमवावा लागत असेल, तर वस्तू त्याला देऊन टाकावी. काही कुटुंबांनी अशी सुंदर तडजोड केली आहे: ओरातोर थोरल्याकडे राहतो, पण वर्षातून एकदा, घराण्याच्या संताच्या सणाला, सारी भावंडे तेथे जमून लादायन म्हणतात. अशा घरी ती वस्तू वाटली न जाता सर्वांची राहते.

व्हॅटिकन महासभेने १९६४ साली कुटुंबाला गृहरूपी चर्च म्हटले. चर्चची इमारत नवी बांधताना आपण जुनी घंटा टाकून देत नाही. ती नव्या मनोऱ्यावर चढवितो, आणि तिचा आवाज ऐकून म्हातारी माणसे डोळे पुसतात. घराचेही तसेच आहे. आपल्या प्रभूने नाझरेथात सुताराच्या घरी तीस वर्षांच्या आसपास काळ काढला. लाकडाला हात लावणाऱ्याचे कष्ट त्याला ठाऊक होते. कुणा अनाम सुताराने आपल्या पणजोबांसाठी जीव ओतून घडविलेली वस्तू तो खचित अडगळ मानणार नाही.

यास्तव या आठवड्यात एवढे करावे. घरातील वडीलधाऱ्या माणसाला जवळ बसवून विचारावे, की या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती आणि ती कुणाची? मुलांनी ऐकावे, कुणीतरी लिहून ठेवावे. मग ती वस्तू माळ्यावरून खाली काढावी, पुसावी आणि जेथे कुटुंब रोज एकत्र बसते तेथे तिला जागा द्यावी. ती क्रूस किंवा तसबीर असेल तर त्या रात्रीची जपमाळ तिच्यापुढे म्हणावी आणि ज्यांच्या हातून ती आपणांपर्यंत आली, त्यांच्यासाठी शेवटी एक ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणण्यास विसरू नये.

प्रभू तुमच्या नव्या घरांवर व जुन्या माणसांवर कृपा करो.